आई इमारतीतच आहे

लिक फोर्कच्या शाळेत टेसीच्या योजनेची बैठक दर एप्रिलात भरायची आणि अठरा मिनिटांत उठायची. पावणेअकराला सुरू. अकरा वाजून तीन मिनिटांनी टेसीच्या आईला, ग्लेना स्टिडमला, त्याच शाळेच्या किचनमध्ये परत पळावं लागायचं, कारण सव्वाअकराला पोरांच्या जेवणाची खिडकी उघडायची. म्हणून ती केसांची जाळी डोक्यावर ठेवूनच बैठकीला बसायची. नऊ वर्षांची पोर, मोजून वीस-पंचवीस शब्द बोलणारी. तिला कोण शिकवणार, किती वेळ शिकवणार, कुठं बसवणार, हे अख्ख्या वर्षाचं त्या अठरा मिनिटांत ठरायचं. त्यातली चार मिनिटं केक कापण्यात जायची.

केक ग्लेनाचाच. वाळवलेल्या सफरचंदांचं सारण भरलेला, सहा थरांचा. आदल्या दिवशी करून मुरवत ठेवलेला.

"ह्या केकसाठी तरी टेसीनं आमची शाळा सोडू नये बाई!" असं श्रीमती रॅटलिफ दरवर्षी म्हणायच्या. विशेष मुलांच्या विभागाच्या त्या प्रमुख. बोटं चाटून झाली की पिवळी चिकटपट्टी लावलेलं पान पुढं सरकवायच्या. "इथं सही कर, राणी."

ग्लेना करायची. चार वर्षं केली. चोवीस पानं अठरा मिनिटांत कोण वाचणार? आणि वाचायची तरी कशाला? रॅटलिफबाई रविवारी चर्चमध्ये पुढच्याच बाकावर असतात. मुख्याध्यापक हॅगर तर ग्लेनाच्या नवऱ्याबरोबर, ओडेलबरोबर, एकाच संघात खेळलेला. आपल्या माणसानं पुढं केलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं, अशी ह्या डोंगरातली रीत. ह्याच रीतीनं खाणवाल्यांनी ह्यांच्या पणजोबांच्या सह्या घेऊन पायाखालचा कोळसा काढून नेला. कोळसा गेला, खाणी बंद पडल्या, रीत मात्र अजून जिवंत आहे. निर्लज्जासारखी.

किचनमध्ये ग्लेनाबरोबर बर्निस होती, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडानं फाटकी आणि मनानं मऊ. दोघींना एक जुना सोबती होता. मोठ्या फ्रीजरच्या बाजूची भिंत अकराच्या सुमाराला धडधडायची. धप्. धप्. धप्धप्. शाळेच्या दुरुस्तीवाल्यानं कधीतरी सांगितलं होतं की पलीकडून बॉयलरचा पाइप जातो, त्यात हवा अडकते. तेवढ्यावर दोघींनी त्या आवाजाला 'म्हातारा' नाव ठेवून टाकलं.

"उठला गं म्हातारा," बर्निस म्हणायची. "भूक लागली वाटतं."

मग जिच्या हातात डाव असेल ती डावानं भिंतीवर तीनदा ठोकायची. टक, टक, टक. "गप ए! वाढतोय!" आणि गंमत अशी, की म्हातारा खरंच गप्प व्हायचा. दोघी हसायच्या आणि बटाट्याच्या पातेल्याकडं वळायच्या. एकदाच ठोकायचं राहिलं. नोव्हेंबरात, सणाच्या टर्की पक्ष्याच्या जेवणाला सगळ्यांचे आईबाप बोलावले होते त्या दिवशी. चारशे ताटं. म्हातारा नुसता आपटत होता, आणि ग्लेना ओरडली होती, "आज मरू दे त्याला, बर्निस! वेळ नाही!"

फेब्रुवारीपासून टेसीचं काहीतरी बिनसलं. न्हाणीघराचं दार लोटलं की किंकाळी. ट्रकचं दार लावलं की किंकाळी. मार्चमध्ये एका दुपारी ग्लेनानं पाहिलं, की पोरीनं तिची कापडी बाहुली सिंकखालच्या कपाटात कोंबली, दार लावलं, दाराला पाठ टेकून बसली आणि मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "हात खाली. तोंड बंद. मग दार."

टेसीनं एका दमात सहा शब्द आयुष्यात जोडले नव्हते. ग्लेनाला आधी आनंद झाला. हे तिनं नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही. आधी आनंद झाला.

मग टेसी उठली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीनदा ठोकलं आणि कान लावून उभी राहिली.

बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, कच्चा कांदा. ग्लेना ऑपल मावशीशेजारी बसली. ऑपल मावशीनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि तिचा नातूही टेसीसारखाच शब्दांचा कंजूष. ग्लेनानं बाहुलीची गोष्ट सांगितली. ऑपल मावशीचा हात कांद्यावरच थांबला.

"बैठक कधीय?"

"एप्रिलच्या अठराला."

"फाईल मागितलीस?"

"कसली फाईल?"

"पोरीची. सगळी. तुझ्यासमोर ठेवतात ती चोवीस पानं नाहीत गं. मागं कपाटात ठेवतात ती."

"मावशी, मी तिथंच काम करते. काही असतं तर मला सांगितलं नसतं?"

"घोडा रोज तबेल्यातच असतो," ऑपल मावशी म्हणाली, "म्हणून त्याला कुणी चाबकाचा भाव सांगत नाही. ऐक. नातवासाठी अकरा बैठका केल्यात मी. पहिल्या चारात रडले. मग अक्कल आली. कागदावर लिहून माग. तारीख घाल. 'माझ्या मुलीच्या नावानं शाळेत जो जो कागद आहे तो बैठकीआधी द्या.' तोंडी मागशील तर तोंडीच विरून जाईल. एक प्रत तुझ्याकडं, तिच्यावर त्यांचा शिक्का."

"त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे की. केक खाऊन चार वर्षं बरं वाटलंय त्यांना."

अर्ज लिहायला ग्लेनाला तीन दिवस लागले. पाच ओळी. शाळेच्या कचेरीत पुढच्या टेबलाशी लूआन बसायची, तिनं तो दोन बोटांत धरला, मेलेली चिमणी धरावी तसा.

"अगं ग्लेना, अर्ज? तू काय परकी आहेस का? काय हवंय ते सांग, बघते ना मी."

ग्लेनाचे कान तापले. हात आपोआप कागद परत घ्यायला पुढं झाला. झालाच होता. मग तिला ते सहा शब्द आठवले.

"शिक्का मार, लूआन. माझ्या प्रतीवरही."

"ही ऑपलची शिकवण दिसतेय."

"हो. मार."

लूआन असती तर तिनं चाळून, निवडून, तीन गुळगुळीत कागद दिले असते. पण त्या आठवड्यात लूआन सुट्टीवर गेली आणि तिच्या जागी बदलीची बाई आली. काय द्यायचं नसतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिनं आख्खी फाईल छापली, खाकी पाकिटात घातली आणि शुक्रवारी दुपारी किचनच्या दारात आणून दिली. "तुमचंच ना हे? केवढं जड आहे बाई!"

घरी येऊन ग्लेनानं बटाटे उकडत ठेवले आणि टेबलावर पाकीट उघडलं. वर नेहमीचे कागद. मध्ये तपासण्या. तळाशी आखलेले तक्ते, हातानं भरलेले. मथळा: शांत जागा. खाली बारीक अक्षरात: जुने कोठार, किचनलगत.

रकाने पाच. तारीख. आत. बाहेर. वर्तन. पालकांना कळवले.

३ सप्टेंबर. आत ११:०२. बाहेर ११:३१. जेवणाची रांग पाहून कान झाकणे, ओरडणे. पालकांना कळवले: आई इमारतीतच आहे.

५ सप्टेंबर. आत ११:०४. बाहेर ११:४०. दारावर लाथा. आई इमारतीतच आहे.

१० सप्टेंबर. बूट काढून घेतले. आई इमारतीतच आहे.

ग्लेनाला आधी कळलंच नाही. शब्द कळत होते. तिनं बोट ठेवून परत वाचलं. जुने कोठार. किचनलगत. ते कोठार कुठं आहे? फ्रीजरच्या मागं. त्याचं दार दुसऱ्या बोळात उघडतं. तिथं बॉयलर आहे. तिथं पाइप आहे. तिथं हवा अडकते.

९ ऑक्टोबर. आत ११:०३. बाहेर ११:२८. भिंतीवर लाथा. किचनकडून ठोकल्यावर शांत झाली.

१४ ऑक्टोबर. किचनकडून ठोकले. शांत.

पुढं लिहिणाऱ्याला कंटाळा आला होता. अक्षरं आखडली होती. कि. ठो. शांत. कि. ठो. शांत. कि. ठो. शांत.

बटाट्याचं पाणी उतू जाऊन चुलीवर फसफसलं. ग्लेना उठली नाही. तिच्या छातीत काही मोडलं-बिडलं नाही. आतून सगळं एकदम रिकामं झालं, नळाचं पाणी जावं तसं. मग ती उठली आणि हात धुतले. बसली. परत उठली, परत धुतले. डाव धरायचा तो हात. पोरगी आतून लाथा मारत होती आणि भिंतीच्या पलीकडं आई होती. आईनं उत्तरही दिलं होतं. हसत. 'गप ए!' म्हणत.

नोव्हेंबरचं पान वर आलं तेव्हा तिनं ते न वाचता पालथं घातलं.

ऑपल मावशी आली तेव्हा ग्लेना तशीच बसलेली होती. मावशीनं चष्मा लावून तक्ते मोजले. सप्टेंबर ते मार्च, त्रेसष्ट वेळा.

"त्रेसष्ट वेळा 'कळवलं' म्हणून लिहिलंय," ती म्हणाली. "तू इमारतीत आहेस, म्हणजे तुला कळवलं. देवा रे! माझ्या अकरा बैठकांत हे नव्हतं बाई."

"मावशी," ग्लेना म्हणाली. "म्हातारा रोज ठोकतो."

"कोण म्हातारा?"

"रोज. आणि इथं त्रेसष्टच. जानेवारीत टेसी तापानं आठवडाभर घरी होती. तेव्हाही ठोकत होता."

टेसी खिडकीत बसून बटणं रंगांप्रमाणं लावत होती.

ओडेल खडीचा ट्रक चालवायचा. तो संध्याकाळी आला, दोन तक्ते वाचले, टेबलावरच्या किल्ल्या परत उचलल्या. "हॅगर घरी असेल आत्ता."

ऑपल मावशी दारात उभी राहिली. त्याच्या काखेएवढी बाई. "जा. एक दात पाड त्याचा. उद्यापासून सगळा तालुका तुझ्या मुठीबद्दल बोलेल. पोरीचं नाव कुणी काढणार नाही. तेच हवंय त्यांना. बस खाली."

तो बसला. मुसमुसला. मोठा माणूस, खडीच्या धुळीनं पांढरा झालेला, आणि गालावर दोन काळे ओघळ.

सोमवारपासून टेसी घरी. तिच्याजवळ ओडेलची बहीण. शाळेला चिठ्ठी एकाच ओळीची: बैठक होईपर्यंत येणार नाही. ग्लेना मात्र कामावर गेली. ऑपल मावशीनंच सांगितलं होतं, "तू जा. त्यांना वास लागू देऊ नको." आठ दिवस ती त्या भिंतीपाशी उभी राहिली. भिंत वाजली की तिनं ठोकलं. आता हसत नव्हती. बर्निसला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बर्निसनं, जी नवऱ्याच्या प्रेतयात्रेत विनोद करत होती, तिनं तोंडात एप्रन कोंबला.

"मग आत्ता आत कोणंय गं?" बर्निसनं विचारलं.

"माहीत नाही. बोळात गेले तर वर्गातली मदतनीस पोरगी दारापुढं उभी. म्हणते, पुस्तकं ठेवलीत आत."

"दार तोडू या."

"एकीनं ओरडून सांगितलं तर 'किचनच्या बाईला वेड लागलं' म्हणतील आणि कुलूप दुसऱ्या खोलीला लावतील. सगळ्यांना एकदम आणते इथं."

संध्याकाळी तयारी. योजनेचा मसुदा बैठकीआधीच हवा, असं लिहून मागितलं. आला. बैठक भरायच्या आधी सगळं छापून तयार, फक्त सहीची जागा मोकळी. सतराव्या पानावर एक ओळ: 'गरजेनुसार, आधार असलेल्या जागेत विश्रांती.' ऑपल मावशीनं मागच्या चारही वर्षांची तीच पानं शेजारी लावली. तीच ओळ. खाली ग्लेनाची सही, गोल, नीटस, शाळकरी.

"मला वाटलं उशा असतील," ग्लेना म्हणाली.

"त्यासाठीच असं लिहितात," ऑपल मावशी म्हणाली. "ते म्हणतील, तू सही केलीस. नाकारू नको. केली म्हण आणि पुढं जा. आणि प्रश्न तीनच. दहा नेशील तर पहिल्याच्या उत्तरात तासभर घोळवतील. लिहून ने. रडू आलं तर कागदावर बघून वाच. पोरीचा फोटो ने, टेबलाच्या मध्ये ठेव. त्या खोलीत सगळे 'विद्यार्थिनी, विद्यार्थिनी' करतात. तिला तोंड आहे हे दिसू दे त्यांना. टेसीला काय काय येतं ते एका पानावर लिही. काय येत नाही ते त्यांनी चोवीस पानं लिहिलंय. आणि सही तिथं करायची नाही. घरी नेऊन वाचते म्हणायचं. बंदूक लावली तरी."

"मी काय बोलू?" ओडेलनं विचारलं.

"तू इस्त्रीचा शर्ट घाल आणि गप्प बस. हात मांडीवर."

"एवढंच?"

"तुझ्यासाठी तेवढंच खूप आहे, बाळा."

अठरा एप्रिल. पावणेअकरा. बैठकीच्या खोलीत रॅटलिफबाई, हॅगर आणि टेसीची वर्गशिक्षिका केंड्रा. कागदी बशा आणि प्लास्टिकचे काटे मांडून ठेवलेले होते. ग्लेना आत आली ती डोक्याला जाळी न लावता. मागं ओडेल, त्यामागं ऑपल मावशी.

"अरे वा, अख्खी फौज!" हॅगर हसला. मग त्यानं ग्लेनाच्या हातांकडं बघितलं. "आणि केक?"

"या वर्षी फाईल आणलीय," ग्लेना म्हणाली.

तिनं टेबलाच्या मध्ये, जिथं केक असायचा तिथं, टेसीचा फोटो उभा केला. ऑपल मावशीनं फोन त्याच्या बाजूला ठेवला. "मी रेकॉर्ड करतेय हं. लेखी कळवलंय आधीच. नमस्कार सगळ्यांना."

बशा तशाच राहिल्या. केंड्रा एक उगीचच सरळ करत बसली.

ग्लेनानं कागद उघडला. तो टेबलावर सपाट केला. "पहिला प्रश्न. शांत जागा म्हणजे कुठली खोली, आणि दार बाहेरून कोण धरतं?"

मग रॅटलिफबाईंनी मसुदा उघडला. "राणी, हे सतराव्या पानावर आहे बघ. आधार असलेली जागा. तू दरवर्षी सही केलीयेस."

"केली. चार वर्षं केली. न वाचता केली. ती माझी चूक, ती मी मरेस्तोवर वाहीन. आता तुमची सांगा."

"चूक काय त्यात? जेवणाच्या रांगेचा गोंगाट तिला सहन होत नाही. मदतनीस एकच, वर्ग तीन. तिच्याच सुरक्षिततेसाठी—"

"दुसरा प्रश्न. मला का नाही सांगितलं?"

आणि इथं हॅगरनं जे केलं ते ग्लेनाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो चिडला नाही. घाबरला नाही. त्याला खरोखर नवल वाटलं. "ग्लेना, तू तर इथंच असतेस! किचनमध्ये. वीस पावलांवर. आम्हाला वाटलं तुला माहीतच आहे. तुम्हीच तर ठोकायचात तिकडून. आम्ही म्हणायचो, आईचं बरं लक्ष आहे."

ओडेलचे हात मांडीवर होते.

ह्या माणसाला सगळं माहीत होतं, आणि तो रोज अकरा वाजून वीस मिनिटांनी खिडकीपाशी येऊन 'आज काय, ग्लेना?' असं विचारून ट्रे घेऊन जात होता. राक्षस असता तर सोपं होतं. हा साधा माणूस होता. पोरीला कोंडलंय आणि आई पलीकडं हसतेय, हे त्याच्या डोक्यात नीट बसलं होतं, कपाटात ताटं बसतात तसं.

रॅटलिफबाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून तीन. चेहरा जरा सैल झाला. "तुझी वेळ झाली ना गं? उरलेलं पुढच्या आठवड्यात—"

"खिडकी आज बर्निस बघतेय. माझा तिसरा प्रश्न. ती खोली मला दाखवता का? आत्ता?"

"आत्ता कसं—"

"टेसी घरी आहे. म्हणजे खोली रिकामीच असेल," ग्लेना उठली. "चला. आधी माझ्या बाजूनं दाखवते."

ती निघाली म्हणून ओडेल निघाला, ऑपल मावशी फोन हातात धरून निघाली, आणि एवढे सगळे निघाल्यावर बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून बाकीचेही निघाले. किचनमध्ये वाफ होती. बर्निस भिंतीपाशी उभी होती, डाव छातीशी धरून.

"ऐका," ग्लेना म्हणाली.

धप्. धप्. धप्धप्.

केंड्रानं तोंडावर हात ठेवला. रॅटलिफबाई म्हणाल्या, "पाइप असेल." खरंच म्हणाल्या.

ग्लेनानं बर्निसच्या हातातून डाव घेतला. टक, टक, टक.

भिंत गप्प झाली. एवढी गप्प, की बटाट्याचे बुडबुडे ऐकू आले. मग पलीकडून, अगदी खालून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, हळूच उत्तर आलं. तीन.

ग्लेना धावली. किचनच्या मागच्या दारानं, वळसा घालून दुसऱ्या बोळात. कोठाराच्या दारापुढं मदतनीस पोरगी उभी होती, विशीतली, एका हातानं दाराची मूठ घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात तक्ता. रोज खिडकीतून चॉकलेटचं दूध नेणारी पोरगी. "मला सांगितलंय म्हणून..." एवढंच बोलून ती बाजूला झाली.

आत दिवा होता, जाळीतला. भिंतींना पिवळा स्पंज, खालचा फाटलेला. चटई नाही, उशी नाही, काही नाही. फ्रीजरकडच्या भिंतीला कान लावून एक पोर बसली होती. सहा वर्षांची असेल. पहिलीतली. पायांत मोजे, बूट नाहीत. ग्लेनाला ती ओळखत होती, कारण रोज मक्याचे दाणे वाढताना ग्लेना तिला म्हणायची, 'अजून घे गं चिमणे.' पोरीनं डोळे बारीक करून पाहिलं. ग्लेनाच्या हातात डाव अजून तसाच होता. पोरगी डावाकडं बघत राहिली.

तक्त्यावर आजची ओळ अर्धी भरलेली होती. पालकांना कळवले: फोन लागला नाही.

"कितीजणं आहेत?" ऑपल मावशीनं विचारलं. "हॅगर, मी तुला बारा वर्षं बसमधून शाळेत आणलंय. एकदा तू बसमध्ये ओकलास तेव्हा माझ्या रुमालानं तुझं तोंड पुसलं. कितीजणं?"

"सात," हॅगर म्हणाला. बोळाच्या फरशीकडं बघत.

ग्लेनानं पोरीला उचललं. पोरीला शहारे येत होते, तापातल्यासारखे. ग्लेना तिला घेऊन उभी राहिली आणि कागदावर न बघता बोलली. "दहा मिनिटं आधी जेवायला पाठवायचं होतं तिला. टेसीला. हिलाही. रांग लागायच्या आधी. खिडकीत मी होते. मी ट्रे दिला असता. एवढंच होतं ते. दहा मिनिटं! आणि तुम्ही..." तिनं मान हलवली, नुसती हलवत राहिली.

"आपण परत जाऊन शांतपणे—" रॅटलिफबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खर्रर्र आवाज आला. ओडेलनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला होता आणि तो बिजागरीपाशी गुडघ्यावर बसला होता.

"ही शाळेची मालमत्ता आहे, ओडेल," हॅगर म्हणाला.

"मला हात उचलायचा नाही असं सांगितलंय," ओडेल म्हणाला. "बघ, खालीच आहेत."

तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू. शेवटचा गंजलेला होता. त्याला वेळ लागला. कुणी अडवलं नाही. कुणी अडवावं हेच कुणाला कळत नव्हतं. दार सुटलं तेव्हा त्यानं ते भिंतीला टेकवलं, आतली बाजू सगळ्यांकडं करून. खाली, गुडघ्याच्या उंचीला, रंग पार गेला होता. लाकूड दिसत होतं.

ग्लेनानं योजनेवर सही केली नाही. बैठक संपली नव्हती, आणि ती अठरा मिनिटांत संपणारही नव्हती. ऑपल मावशीनं दुपारीच दुसरा अर्ज लिहिला, आणि बर्निसनं सुट्टी होताच बाकीच्या सहा घरी फोन केले. 'मी शाळेच्या किचनमधली बर्निस बोलतेय,' असं सांगून ती दर वेळी थोडी थांबायची.

ग्लेना घरी आली तेव्हा चार वाजले होते. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. टेसी न्हाणीघराचं दार उघडं टाकून हात धूत होती, फेसाशी खेळत होती. ग्लेनानं खाकी पाकीट काढलं आणि त्या शुक्रवारपासून पालथं घातलेलं पान उलटलं. बघायचं नव्हतं. बघितल्याशिवाय राहणंही शक्य नव्हतं. तिनं बोट तारखांवरून खाली नेलं, टर्कीच्या जेवणाच्या दिवसापर्यंत.

आत १०:५१. बाहेर १२:०९. भिंतीवर लाथा, नंतर हाक. किचनकडून काही नाही. शांत झाली नाही. आई इमारतीतच आहे.